मागच्या प्रॅक्टिकलला डोमेनला जोडलेला क्लायंट आज डोमेन ओळखत नाही: दर आठवड्याला उगवणारी अडचण

सर्व्हर ॲडमिनिस्ट्रेशनच्या कोर्समध्ये ॲक्टिव्ह डिरेक्टरीचं (विंडोजमध्ये सगळ्या युजर आणि मशीनची नोंद एका जागी ठेवणाऱ्या व्यवस्थेचं) प्रकरण सुरू झालं की एक तक्रार हमखास येते. मागच्या प्रॅक्टिकलला क्लायंट (युजरची मशीन) डोमेनला, म्हणजे त्या व्यवस्थेखालच्या मशीनच्या गटाला जोडला, लॉगिन झालं, जर्नलसाठी स्क्रीनशॉटही काढून झाले. आज त्याच मशीन सुरू केल्या तर कोणाच्या स्क्रीनवर ‘डोमेन कंट्रोलरशी संपर्क होत नाही’, कोणाच्या स्क्रीनवर ‘ट्रस्ट रिलेशनशिप फेल’, आणि कोणाचं लॉगिन होतं पण ग्रुप पॉलिसी (सर्व्हरवरून सगळ्या मशीनना लागू होणारी सेटिंग) येत नाही. मग ठरलेला उपाय: क्लायंट वर्कग्रुपमध्ये काढा, रीस्टार्ट करा, परत डोमेनला जोडा. तेवढ्यानंही भागलं नाही तर सर्व्हर पुसून नवा टाका. त्या दिवसाचं काम निभावतं आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच रडगाणं.

यातल्या बहुतेक वेळा डोमेन ठणठणीत असतं. क्लायंट डोमेनचा पत्ता भलत्यालाच विचारत असतो, एवढंच. परत जोडताना आपण नकळत डीएनएस (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेची सेटिंग) हातानं नीट करतो, म्हणून ते चालतं. रीस्टार्ट, स्नॅपशॉट (आभासी मशीनची जपून ठेवलेली जुनी अवस्था) किंवा डीएचसीपीमुळे (मशीनना आपोआप आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेमुळे) ती सेटिंग उडाली की गाडं पुन्हा अडतं. म्हणून डोमेनमधून काढण्याआधी खालच्या गोष्टी बघा. एकदा क्लायंट काढून परत जोडलात की मूळ कारणाचा मागही पुसला जातो.

उदाहरणासाठी लॅब अशी धरतो: व्हर्च्युअलबॉक्स (एका मशीनमध्ये अनेक आभासी मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारा हायपरव्हायझर), एकच डोमेन कंट्रोलर (डोमेनची नोंद सांभाळणारा सर्व्हर, पुढे नुसतं डीसी म्हणतो), त्याचा पत्ता १९२.१६८.१०.१०, क्लायंट १९२.१६८.१०.५०, डोमेनचं नाव कॉर्प.टेस्ट. आवृत्ती विंडोज सर्व्हर २०१६ असो की २०२५, मूळ गोष्टी त्याच आहेत. हायपरव्हायझर दुसरा असेल तर मेन्यूंची नावं बदलतील.

आधी ‘डिटेल्स’ बटण दाबा

डोमेन जोडताना एरर आली की तिच्या खिडकीत ‘डिटेल्स’ नावाचं बटण असतं. ते कोणी दाबत नाही. सगळे वरची एक ओळ वाचून खिडकी बंद करतात. खरी माहिती त्या बटणाखालीच आहे, आणि तीन प्रकार तिथेच वेगळे पडतात.

पहिला प्रकार: ‘डीएनएस नेम डझ नॉट एक्झिस्ट’, कोडच्या शेवटी २३२बी. म्हणजे डीएनएस सर्व्हरनं उत्तर दिलं, पण ‘असं नाव नाही’ असं दिलं. इथे डीएनएस बंद नाही, तुम्ही चुकीच्या डीएनएसला विचारलंय. किंवा सर्व्हर बरोबर आहे, पण त्यात डीसीची नोंदच नाही.

दुसरा: टाइमआउट, कोडच्या शेवटी ५बी४. ज्या डीएनएसला विचारलं त्याच्याकडून उत्तरच आलं नाही. केबल, म्हणजे व्हर्च्युअल नेटवर्क, आयपी आणि फायरवॉल बघा.

तिसरा: एसआरव्ही नोंद (एखादी सेवा कोणत्या सर्व्हरवर आहे ते सांगणारी डीएनएसमधली नोंद) सापडली, खाली डीसीचं नावही दिलंय, पण त्याच्याशी संपर्क झाला नाही. याचा अर्थ डीएनएसनं आपलं काम केलं, पण त्या नावाला चिकटलेला पत्ता चुकीचा आहे किंवा वाट अडली आहे. दोन नेटवर्क ॲडॅप्टर लावलेल्या डीसीचं हे खास लक्षण. त्यावर पुढे सविस्तर.

‘पण पिंग जातोय’ हे वाक्य इथे काही सिद्ध करत नाही. डोमेनला जोडताना क्लायंट _एलडॅप._टीसीपी.डीसी._एमएसडीसीएस.कॉर्प.टेस्ट या नावाची एसआरव्ही नोंद मागतो. १९२.१६८.१०.१० ला पिंग मारून त्या नोंदीबद्दल काहीच कळत नाही. त्याऐवजी क्लायंटवर एनएसलुकअप (डीएनएसला प्रश्न विचारायची कमांड) उघडा, ‘सेट टाइप=एसआरव्ही’ लिहा आणि ते लांबलचक नाव द्या. उत्तरात डीसीचं नाव आणि पोर्ट ३८९ दिसलं पाहिजे. उत्तर कोणत्या सर्व्हरनं दिलं ते वरच्या दोन ओळींत असतं. त्या आधी वाचा.

जाता जाता: डीसीवर एनएसलुकअप चालवलं की ‘डीफॉल्ट सर्व्हर: अननोन’ आणि खाली ::१ असं दिसतं, आणि त्यानं पुष्कळ जण घाबरतात. रिव्हर्स झोन (पत्त्यावरून नाव सांगणाऱ्या नोंदींची यादी) केलेला नसला की असं दिसतं. त्याचा या अडचणीशी संबंध नाही.

‘आल्टरनेट’ डीएनएसमधलं ८.८.८.८

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण हेच. क्लायंटच्या आयपी सेटिंगमध्ये प्रेफर्डला १९२.१६८.१०.१० आणि आल्टरनेटला ८.८.८.८ (गूगलचा सार्वजनिक डीएनएस). इंटरनेटही चालावं म्हणून. समजूत अशी की पहिल्याकडे नाव सापडलं नाही तर विंडोज दुसऱ्याला विचारेल.

विंडोज तसं करत नाही. पहिला सर्व्हर वेळेत बोललाच नाही, तरच दुसऱ्याला विचारलं जातं. ‘असं नाव नाही’ हेही पूर्ण उत्तर आहे, आणि ते मिळालं की शोध तिथेच थांबतो.

आता लॅबमध्ये काय घडतं बघा. दोन्ही व्हीएम एकदम सुरू केल्या. क्लायंट आधी उठतो. डीसीला डिरेक्टरी आणि डीएनएसच्या सेवा सुरू करायला वेळ लागतो. क्लायंट प्रेफर्डला विचारतो, उत्तर नाही. मग ८.८.८.८ ला विचारतो, आणि तिथून लगेच जवाब येतो की कॉर्प.टेस्ट नावाचं काही अस्तित्वात नाही. ते नकारार्थी उत्तर काही काळ कॅशमध्ये राहतं, शिवाय ज्यानं उत्तर दिलं त्यालाच काही वेळ प्राधान्य मिळतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये नेटलॉगऑनची (डोमेनशी संपर्क सांभाळणाऱ्या विंडोजच्या सेवेची) ५७१९ नंबरची नोंद पडते.

आणि तरीही लॉगिन होतं! विंडोज शेवटच्या १० डोमेन लॉगिनची माहिती मूळ सेटिंगप्रमाणे स्वतःकडे साठवते, डीसी नसला तरी त्यावर आत घेते. त्यामुळे ‘लॉगिन झालं, म्हणजे डोमेन चालू आहे’ हा निष्कर्ष काढू नका. ॲडमिन म्हणून पॉवरशेल उघडून टेस्ट-कॉम्प्युटरसिक्युअरचॅनेल चालवा. ‘ट्रू’ आलं तरच डीसीशी खरोखर बोलणं चालू आहे.

उपाय सरळ आहे. क्लायंटवर फक्त डीसीचा पत्ता ठेवा, आल्टरनेट रिकामं सोडा. डीसीवर त्याचा स्वतःचा पत्ता किंवा १२७.०.०.१ ठेवा. इंटरनेट हवं असेल तर डीसीच्या डीएनएस मॅनेजरमध्ये फॉरवर्डर्सच्या टॅबवर ८.८.८.८ लिहा. बाहेरच्या नावांसाठी त्या पत्त्याची जागा तिथे आहे, क्लायंटच्या सेटिंगमध्ये नाही. मग आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस आणि क्लायंट रीस्टार्ट.

डीसीच्याच ॲडॅप्टरवर कोणी बाहेरचा डीएनएस लिहून ठेवला असेल तर डीसी आपल्या नोंदी लिहायला भलतीकडेच जातो, आणि झोनमधलं (डोमेनच्या डीएनएस नोंदींच्या यादीतलं) _एमएसडीसीएस अर्धवट किंवा रिकामं राहतं. पत्ता दुरुस्त करून नेटलॉगऑन सेवा बंद करून पुन्हा चालू करा. एसआरव्ही नोंदी तीच सेवा लिहिते, त्यामुळे थोड्या वेळात त्या परत दिसू लागतील. डीसी त्यासाठी नव्यानं टाकायची काही गरज नाही.

क्लायंट डीएचसीपीवर असेल तर आयपीकॉन्फिग /ऑलमध्ये ‘डीएचसीपी सर्व्हर’ ही ओळ बघा. १०.०.२.२ असेल तर पत्ता व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅटनं (व्हीएमला होस्टमार्फत इंटरनेट देणाऱ्या सोयीनं) दिलाय. होस्ट-ओन्ली नेटवर्कवर १९२.१६८.५६.१०० दिसत असेल तर तोही व्हर्च्युअलबॉक्सचाच डीएचसीपी आहे, तुमच्या सर्व्हरचा नाही. तुम्ही मन लावून स्कोप (वाटायच्या पत्त्यांची रेंज) बनवला, ००६ नंबरच्या पर्यायात डीएनएस भरला, आणि पत्ते मात्र दुसराच वाटतोय. नेटवर्क मॅनेजरमध्ये (जुन्या आवृत्तींत होस्ट नेटवर्क मॅनेजर) जाऊन तो आतला डीएचसीपी बंद करा. १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता दिसला तर कोणीच पत्ता दिलेला नाही. अशा वेळी डीएचसीपी सर्व्हर डोमेनमध्ये ऑथराइज केलाय का ते आधी तपासा.

डीसीला दोन ॲडॅप्टर: कधी चालतं, कधी नाही

इंटरनेटसाठी नॅट आणि लॅबसाठी इंटर्नल नेटवर्क, अशी दोन कार्डं प्रत्येक व्हीएमला लावायची पद्धत फार रुळली आहे. पाहताना सोयीची वाटते, पण डीसीसाठी मला ती अजिबात पसंत नाही.

व्हर्च्युअलबॉक्सच्या साध्या नॅटमध्ये प्रत्येक व्हीएमचं नॅट वेगळं असतं, आणि पहिल्या ॲडॅप्टरवर जवळपास नेहमी एकच पत्ता मिळतो: १०.०.२.१५. डीसीलाही तोच, क्लायंटलाही तोच. डीसीवरची विंडोज आपले दोन्ही पत्ते डीएनएसमध्ये नोंदवते. आता क्लायंटनं कॉर्प.टेस्टचा पत्ता विचारला की उत्तरात दोन ओळी येतात, १९२.१६८.१०.१० आणि १०.०.२.१५. विंडोजचा डीएनएस सर्व्हर शक्यतो विचारणाऱ्याच्या सबनेटमधला पत्ता वर ठेवतो, म्हणून पुष्कळदा निभावून जातं. पण एखाद्या वेळी कॉर्प.टेस्टवरच्या सिसव्हॉलकडे (ग्रुप पॉलिसीच्या फाइल असलेल्या डीसीवरच्या शेअर्ड फोल्डरकडे) जाताना क्लायंटनं १०.०.२.१५ धरला की तो स्वतःच्याच दाराशी जाऊन उभा राहतो. त्या पत्त्यावर पिंग मारला तर झकास रिप्लाय येतो, कारण रिप्लाय देणारा क्लायंट स्वतःच असतो. ग्रुप पॉलिसी मात्र येत नाही.

क्लायंटच्या बाजूनं आणखी घोळ. त्याच्या नॅट कार्डाला बाहेरचा डीएनएस मिळालाय, इंटर्नल कार्डावर तुम्ही डीसीचा लिहिलाय. विंडोज ८ पासून क्लायंट वेगवेगळ्या कार्डांवरच्या डीएनएसना एकाच वेळी विचारू शकतो. कोणाचं उत्तर धरलं जाईल ते तुमच्या हातात राहत नाही. ‘सर, सकाळी चालत होतं’ या वाक्याचा उगम इथे आहे.

माझा आग्रह: प्रत्येक व्हीएमला एकच कार्ड ठेवा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये साध्या नॅटशिवाय ‘नॅट नेटवर्क’ नावाचा वेगळा प्रकार आहे. त्यात सगळ्या व्हीएम एकाच सबनेटमध्ये येतात, एकमेकांना दिसतात आणि बाहेरही जाऊ शकतात. तिथे १९२.१६८.१०.०/२४ असं नेटवर्क बनवा, त्याचा डीएचसीपी बंद करा, सगळ्यांना गेटवे १९२.१६८.१०.१ द्या आणि क्लायंटचा डीएनएस फक्त डीसी. सगळ्या व्हीएममध्ये मिळून अर्ध्या तासाचं काम आहे.

दोन कार्डं ठेवणं भागच असेल, उदाहरणार्थ राउटिंगचा प्रयोग त्याच मशीनवर करायचाय, तर तीन गोष्टी मिळून करा. एक, नॅट कार्डाच्या आयपीव्ही४ सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्ड, मग डीएनएस टॅब, तिथली ‘रजिस्टर धिस कनेक्शन्स ॲड्रेसेस इन डीएनएस’ ही टिक काढा. दोन, डीएनएस मॅनेजरमध्ये सर्व्हरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘इंटरफेसेस’ टॅबवर फक्त १९२.१६८.१०.१० निवडा. तीन, झोनमध्ये आधीच पडलेल्या १०.०.२.१५ च्या नोंदी हातानं पुसा: डीसीच्या नावाची, ‘सेम ॲज पेरेंट फोल्डर’ असं लिहिलेली, आणि _एमएसडीसीएसमधल्या जीसी फोल्डरमधली. पहिलं करून दुसरं सोडलंत तर पुसलेली नोंद रीस्टार्टनंतर परत येते, आणि मग ‘मी टिक काढली होती’ यावर वाद होतात.

घड्याळ

कर्बेरॉसला (डोमेनमध्ये ओळख पटवणाऱ्या पद्धतीला) मूळ सेटिंगप्रमाणे दोन मशीनच्या वेळेत ५ मिनिटांपर्यंतचा फरक चालतो. व्हीएम ‘सेव्ह स्टेट’ करून दोन दिवसांनी उघडली की घड्याळ मागे राहिलेलं असू शकतं.

यापेक्षा फसवा प्रकार टाइम झोनचा. सर्व्हर टाकताना टाइम झोन पुष्कळदा पॅसिफिकवरच राहतो. विद्यार्थ्याला कोपऱ्यातलं घड्याळ चुकीचं दिसतं, तो झोन न बदलता नुसते काटे फिरवतो. आता दिसायला वेळ बरोबर, पण आतली यूटीसी वेळ (जागतिक प्रमाणवेळ) कित्येक तासांनी चुकलेली. कर्बेरॉस बघतं ती यूटीसी. क्लायंटवरही तसंच केलं असेल तर दोघंही सारखेच चुकलेले, म्हणून सगळं चालतं. मग एखाद्या दिवशी गेस्ट ॲडिशन्स (व्हीएममध्ये टाकायची व्हर्च्युअलबॉक्सची पूरक साधनं) किंवा इंटरनेटवरून एकाची वेळ सुधारते, आणि बरोबर असलेली मशीनच बाहेर फेकली जाते. दोन्हींवर आधी झोन नीट करा, मग वेळ. क्लायंटवर डब्ल्यू३२टीएम /क्वेरी /सोर्स दिल्यावर डीसीचं नाव आलं पाहिजे.

स्नॅपशॉट आणि तुटलेला ट्रस्ट

‘ट्रस्ट रिलेशनशिप’ची एरर मात्र खरोखर डोमेनशी निगडित आहे. क्लायंट मशीनचाही डोमेनमध्ये पासवर्ड असतो आणि मशीन तो दर ३० दिवसांनी आपण होऊन बदलते. तुम्ही एकाच व्हीएमचा जुना स्नॅपशॉट लावला की एकीकडे नवा पासवर्ड, दुसरीकडे जुना. डीसी मागे नेला आणि त्या स्नॅपशॉटच्या वेळी क्लायंट जोडलेलाच नसेल, तर खातंच नाहीसं होतं.

सुट्टीत ३० दिवसांहून जास्त काळ व्हीएम बंद होती म्हणून ट्रस्ट तुटला, असं सर्रास सांगितलं जातं. तसं होत नाही. पासवर्ड बदलायची सुरुवात क्लायंट करतो. तो बंद असेल तर दोन्हीकडे जुनाच पासवर्ड राहतो. कारण शोधायचं तर स्नॅपशॉटची यादी उघडा.

दुरुस्तीसाठी क्लायंट काढून जोडायची गरज नाही. लोकल ॲडमिननं लॉगिन करा आणि टेस्ट-कॉम्प्युटरसिक्युअरचॅनेलला -रिपेअर आणि -क्रेडेन्शियल जोडून डोमेन ॲडमिनचा पासवर्ड द्या. लोकल ॲडमिनचा पासवर्ड आठवत नसेल तर व्हीएमची व्हर्च्युअल केबल काढा, आधी वापरलेल्या डोमेन खात्यानं लॉगिन करा (साठवलेल्या माहितीवर आत घेईल), मग केबल परत लावा. त्या खात्याला मशीनवर ॲडमिनचे हक्क असले पाहिजेत, हे ओघानं आलं.

इथून पुढे स्नॅपशॉट घ्याल तो सगळ्या व्हीएम बंद करून, सगळ्यांचा एकाच वेळी. मागे जायचं तेही सगळ्यांनी मिळून. दोन डीसी असतील तर एकट्याला मागे नेणं आणखी महागात पडतं, तिथे रेप्लिकेशनचे (डीसींनी एकमेकांना बदल कळवण्याचे) आकडे बिघडतात. विंडोज सर्व्हर २०१२ पासून त्यावर संरक्षण आहे, पण हायपरव्हायझरची साथ असेल तरच.

क्लोन आणि परत तेच नाव

सर्व्हरची व्हीएम क्लोन करून तिलाच सदस्य सर्व्हर बनवायला गेलात की ‘डोमेनचा एसआयडी आणि या मशीनचा एसआयडी एकच आहे’ अशी एरर येते. एसआयडी म्हणजे विंडोजचा ओळख क्रमांक; पहिल्या डीसीच्या मशीनचा एसआयडीच डोमेनचा एसआयडी होतो, आणि क्लोनमध्ये तोच उतरलेला असतो. क्लोनवर सिसप्रेप (मशीनची जुनी ओळख पुसणारं विंडोजचं साधन) चालवताना /जनरलाइज द्या. मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) नवा करायचा पर्याय क्लोन करतानाच निवडा.

क्लायंट पुसून नवा टाकला आणि जुनंच नाव दिलं, तर ऑक्टोबर २०२२ च्या अपडेटपासून वेगळीच एरर दिसते: त्या नावाचं खातं आधीच आहे आणि ते वापरायला सुरक्षा धोरणाची मनाई आहे. ज्यानं आधी ते मशीन जोडलं त्याच खात्यानं जोडा, किंवा डिरेक्टरीतलं जुनं कॉम्प्युटर खातं पुसा. शिवाय साध्या युजरला मूळ सेटिंगनुसार १० मशीनच जोडता येतात. दर आठवड्याला नवं नाव देणाऱ्यांची ही मर्यादा सत्राच्या मध्यातच संपते.

लिनक्स क्लायंट

उबंटूवर /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये हातानं डीसीचा पत्ता लिहायचा आणि रीस्टार्टनंतर तो गायब झाला म्हणून कपाळाला हात लावायचा, हा नेहमीचा प्रकार. ती फाइल सिस्टमडी-रिझॉल्व्हड या नावं शोधणाऱ्या सेवेच्या ताब्यात असते आणि तिच्यात १२७.०.०.५३ दिसणं हे योग्यच आहे. पत्ता नेटप्लॅनच्या फाइलमध्ये नेमसर्व्हर्सखाली लिहा, ‘नेटप्लॅन अप्लाय’ करा आणि रिझॉल्व्हसीटीएल स्टेटसनं खात्री करून घ्या. डीएचसीपीवर असेल तर तिथल्या ओव्हरराइड्समध्ये यूज-डीएनएस फॉल्स करा.

उबंटूच्या दोन क्लोनना मॅक वेगळे असूनही एकच आयपी मिळत असेल तर /ईटीसी/मशीन-आयडी दोन्हींवर सारखा आहे. क्लोनमध्ये ती फाइल रिकामी करून रीस्टार्ट करा.

आणि डोमेनचं नाव .लोकलनं संपत असेल तर बदला. २०१३ च्या आरएफसी ६७६२ नं (इंटरनेटच्या तांत्रिक मानकांपैकी एकानं) ते मल्टिकास्ट डीएनएससाठी, म्हणजे सर्व्हरशिवाय जवळच्या नेटवर्कवरच नाव शोधण्यासाठी, राखून ठेवलंय. कित्येक लिनक्स डेस्कटॉप अशी नावं तुमच्या डीसीला विचारतच नाहीत. प्रयोगांसाठी .टेस्ट राखीव आहे, तेच वापरा. जुन्या मॅन्युअलमध्ये .लोकल छापलेलं असतं म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे.

डोमेनच्या अडचणीसारख्या दिसणाऱ्या दोन वेगळ्या गोष्टी

डीसी दर तासाला आपोआप बंद होतो? विंडोज सर्व्हरच्या इव्हॅल्युएशन (वापरून बघायच्या) प्रतीची मुदत १८० दिवसांची आहे, पण त्याआधी पहिल्या १० दिवसांत ती इंटरनेटवरून ॲक्टिव्हेट व्हावी लागते. फक्त इंटर्नल नेटवर्कवर ठेवलेला सर्व्हर इथेच अडकतो. एकदा इंटरनेट लावून ॲक्टिव्हेट करा. डीसी असतानाच त्याची इव्हॅल्युएशन प्रत कायम प्रतीत बदलता येत नाही, आधी डीसीची भूमिका काढावी लागते.

रीस्टार्टनंतर डीसीवरचं नेटवर्क ‘डोमेन’ऐवजी ‘पब्लिक’ दिसत असेल तर फायरवॉल क्लायंटला अडवू शकते. विंडोज सर्व्हर २०२५ मध्ये ही खोड २०२५ साली मायक्रोसॉफ्टनंच नोंदवली आणि नंतरच्या अपडेटमध्ये सुधारली. तोवर नेटवर्क ॲडॅप्टर रीस्टार्ट करणं हा तात्पुरता उपाय होता. फायरवॉल सरसकट बंद करू नका. क्लायंटला लागणारी मुख्य पोर्ट ५३, ८८, १३५, ३८९ आणि ४४५ आहेत, कुठलं अडतंय ते टेस्ट-नेटकनेक्शननं एकेक करून बघता येतं.

एवढं करूनही क्लायंट जोडला गेला नाही तर विंडोज फोल्डरमधल्या डीबग फोल्डरात नेटसेटअप.लॉग नावाची फाइल असते. ती तळापासून वर वाचत जा. मदत मागताना तिच्या शेवटच्या वीसेक ओळी, दोन्ही मशीनचं आयपीकॉन्फिग /ऑल आणि ‘डिटेल्स’मधला पूर्ण मजकूर द्या. फक्त एरर खिडकीचा फोटो पाठवलात तर पहिला प्रश्न तुम्हालाच परत येईल: डीएनएस कोणता लावलाय?